देवराव चेकरचा चुकलेला ठेका

देवराव चेकर पहिल्यांदा आमच्या घरात आले तेव्हा त्यांनी नमस्कार केला नाही, बसू का म्हणून विचारलं नाही, की पाणीही मागितलं नाही. दारात चपला काढल्या, दोन पावलं आत आले आणि खाटेवर पडलेल्या माझ्या मायच्या पायाच्या अंगठ्याकडे टक लावून पाहत उभे राहिले. मग घरातली माणसं मोजली. आम्ही तिघीच होतो. मी, माय आणि शबाना सिस्टर. तरी त्यांनी बोट फिरवून दोनदा मोजली आणि वाकून खाटेखालीही पाहिलं.

"काय पाह्यता काका?" मी विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. "सवय आहे."

मी शिलाईचं काम करते. उमरखेडला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत 'बेबी लेडीज टेलर्स' अशी पाटी आहे, त्यातली बेबी म्हणजे मीच. वय बेचाळीस. बावीस वर्षं मी बायांची मापं घेतेय, आणि माणूस खोटं बोलतो यावर माझा जेवढा विश्वास आहे तेवढा दुसऱ्या कशावरच नाही. पोट आत ओढून माप देतात आणि ब्लाउज घट्ट झाला की माझ्या टेपला नावं ठेवतात. तेव्हा परक्या घरात शिरून खाटेखाली वाकणारा माणूस मला पहिल्याच दिवशी आवडला नाही, यात माझं काही चुकलं असं मला आजही वाटत नाही.

आधी मायचं सांगते. माझी माय म्हणजे सुमनबाई, अंगणवाडीच्या बाई. तीस वर्षं तिने गल्लीतली पोरं सांभाळली, वजनं केली, खिचडी वाटली. रिटायर झाली आणि छातीत गाठ निघाली. ऑपरेशन झालं, सलाइनी झाल्या, केस गेले, परत आले, आणि मग आजार पाठीच्या हाडात उतरला. नागपूरच्या डॉक्टरांनी फाईल बंद केली आणि मला बाहेर बोलावून सांगितलं, आता घरीच न्या, फक्त दुखू देऊ नका. बरं करा असं कोणी म्हणालं नाही. दुखू देऊ नका, एवढं एकच काम माझ्या वाट्याला आलं.

आणि ते काम छान चाललंय अशी माझी समजूत होती. इथल्या दवाखान्यातून शबाना सिस्टर दर गुरुवारी येत असे. बरे न होणाऱ्या पेशंटांना घरी जाऊन पाहायचं, हीच तिची ड्युटी. ती मायच्या उशाशी बसून दर वेळी तेच विचारायची, "सुमनबाई, शून्य म्हंजे बिलकुल नाही, दहा म्हंजे सहनच होत नाही. आज किती दुखते?"

माय म्हणायची, "दोन."

ऊन असो, पाऊस असो, पाठ लाकडासारखी ताठ झालेली असो, दोन. सिस्टर तिच्या कागदावर दोन लिहायची आणि हलकी गोळी होती तीच पुढे चालू राहायची. त्याहून भारी गोळी मॉर्फिनची. ती लागली तर सांगा, असं नागपूरहून लिहून आलं होतं. पण दोनला कोण मॉर्फिन देतं?

अशात एका गुरुवारी सिस्टर ह्या माणसाला घेऊन आली. उंच, वाळका, अंगात खाकी पँट आणि पांढरा शर्ट, खांद्याला कंडक्टरची असते तशी चामड्याची बॅग.

"हे देवराव काका," सिस्टर म्हणाली. "खंजिरीवर भजनं म्हणतात, गाणी म्हणतात. पेशंट का मन लगता है. थोडं दुखणं विसरते, झोप लागते. दवाईच्या जागी नाही हं बेबीताई, दवाई के साथ."

"किती घेतात?"

"काहीच नाही घेत."

झालं. माझी शंका तिथेच पक्की झाली. पैसे घेणाऱ्या माणसाचं एक बरं असतं, त्याला काय पाहिजे ते आपल्याला माहीत असतं. फुकट येणाऱ्याचं काही सांगता येत नाही. आज गाणं म्हणेल, उद्या पिशवीतून काढ्याची बाटली काढेल, परवा म्हणेल तुमच्या घराची दिशाच चुकीची आहे. कॅन्सरचं घर म्हटलं की अशी माणसं मुंग्यांसारखी येतात. मायच्या एका आजारात मी चार बाबा, दोन वैद्य आणि एक गोमूत्रवाला दारातूनच वाटेला लावले होते.

म्हणून मी बसस्टँडवर जाऊन चौकशी केली. चहाच्या टपरीवर देवरावांचं नाव काढलं तसे तिथले लोक पुढे सरकून बसले.

देवराव एसटीत आधी कंडक्टर होते, मग तिकीट तपासणीला गेले आणि रिटायर होईपर्यंत तिथेच राहिले. त्यांच्या नावाला ड्रायव्हर-कंडक्टरसुद्धा दचकत. झरी जामणीकडच्या रस्त्यावर वळणाला, पळसाच्या झाडामागे हे धोतर-पागोटं घालून, डोक्यावर पोतं घेऊन उभे राहायचे. गरीब म्हातारा दिसला म्हणून ड्रायव्हर गाडी थांबवायचा. म्हातारा आत चढायचा, पोतं खाली ठेवायचा आणि धोतराच्या सोग्यातून बिल्ला काढायचा. एकदा एका बाईने लुगड्याखाली कोंबडी लपवली होती, तिचं तिकीट काढलं नव्हतं. देवराव बाईशी एक शब्द बोलले नाहीत. मागच्या सीटवर बसून बोटांनी दांड्यावर ठेका धरला. थोड्या वेळाने कोंबडीने उत्तर दिलं.

सख्ख्या भाच्याच्या लग्नाचं वऱ्हाड एसटीने निघालं तेव्हा ह्यांनी नवरदेवाच्या भावाचं हाफ तिकीट पकडलं. "मिशी फुल आन तिकीट हाफ?" म्हणून त्याला फाट्यावर खाली उतरवलं. त्या घरचे लोक आजही ह्यांच्याशी बोलत नाहीत.

"पण काढा-बिढा विकतो का?" मी टपरीवाल्याला विचारलं.

"देवराव? तो कोनाले इकत नाही, कोनापासून घेत नाही," टपरीवाला म्हणाला. "त्याचा कोनावर भरोसाच नाही ना."

तेवढं मात्र मला आमच्या घरातही दिसलं. चहा दिला की विचारायचे, "साखर टाकली?" टाकली म्हटलं की म्हणायचे, "मले शंका आहे." मग चमच्याने तळ ढवळून पाहायचे. भिंतीवरचं घड्याळ स्वतःच्या घड्याळाशी लावून पाहायचे. दुकान वेळेवर उघडावं म्हणून मी ते पाच मिनिटं पुढे ठेवते. "ही घडी पाच मिनिटं समोर आहे. काहून?" असं त्यांनी मला अशा सुरात विचारलं की जणू मी ती चोरून आणली आहे. सिस्टरने मायचा बीपी घेतला की म्हणायचे, "दुसऱ्या हातावर घेऊन पाहा." गोळ्यांच्या पाकिटावरची तारीख वाचायचे, मग पाकीट उलटं करून पुन्हा वाचायचे. आणि ज्या घरात जातील तिथल्या पेशंटने "आता काय राह्यलं माझं" असं काही काढलं की ठरलेलं वाक्य, "बसा. गाडी हालली नाही अजून."

आता गाण्याचं. पहिल्या दिवशी त्यांनी मायला विचारलं, "बाई, भजन म्हनू का भीमगीत का पिक्चरचं?"

"तुमाले जे येते थे म्हना," माय म्हणाली.

आवाज वाईट नव्हता. घाटात गाडी पहिल्या गिअरमध्ये घ्यावी तसा जड, पण चढायचा बरोबर. ठेक्याचं मात्र विचारू नका. तीन-चार ओळी झाल्या की खंजिरीवरची थाप हमखास चुकायची. मी मायच्या टाळ्यांवर वाढलेली पोरगी. चाळीस पोरं ती एका टाळीवर रांगेत उभी करायची. मला तो चुकलेला ठेका शिवणीत टाका सुटावा तसा टोचत होता. म्हटलं, ह्याला धड वाजवता येत नाही आणि निघाला कॅन्सरच्या पेशंटांना गाणं ऐकवायला.

माय डोळे मिटून गुपचूप ऐकत होती. गाणं संपलं, देवराव उठले, दारात चपला घालताना सिस्टरला हळूच म्हणाले, "ही बाई बिनतिकीट आहे."

मी ऐकलं. माझा पारा चढला.

"कोन बिनतिकीट?" मी म्हणाले. "तीस वर्षं माझ्या मायच्या हातून खिचडी गेली, एक मूठ तांदूळ तिनं कधी घरी आनला नाही. तुमी कोनाले म्हनून राह्यले?"

"बेबीताई, उनका मतलब वो नहीं," सिस्टर मध्ये पडली.

देवरावांचा चेहरा हललाही नाही. असली भांडणं त्यांनी चालत्या गाडीत पुष्कळ पाहिली असणार. "दुखते त्याहिले," ते म्हणाले. "लपवून राह्यल्या. पायाचा अंगठा पाह्यला का तुमी? गानं सुरू झालं का मानसाचा अंगठा हालतेच. त्याले कळतबी नाही. ज्याचं दुखते तो सारं अंग आवळून धरते. त्याच्या अंगात ठेक्याले जागाच राहत नाही."

"तुमच्या ठेक्यावर कोनाचा अंगठा हालन?" मी म्हणाले. "तीनदा चुकले तुमी."

त्यांनी पहिल्यांदाच मला नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"चारदा," ते म्हणाले, आणि निघून गेले.

सिस्टरने परत येऊन मायला विचारलं, "खरं सांगा, किती?" माय म्हणाली, "दोन." मी सिस्टरला सांगितलं, माझी माय खोटं बोलत नाही, पुढच्या वेळी हा माणूस आणू नका. पण माय स्वतःच म्हणाली, "येऊ दे. आवाज बरा आहे."

त्या दिवसांत आमच्या घरात उंदीर शिरला होता. मायच्या उशीच्या अभ्र्याचा कोपरा रोज थोडा थोडा कुरतडलेला दिसायचा. मी एक अभ्रा रफू केला, दुसरा शिवला, तिसरा शिवला. खाटेखाली पिंजरा लावला, त्यात भज्याचा तुकडा ठेवला. भजं वाळून दगड झालं, उंदीर काही सापडेना. मी शेजारच्या किराणावाल्यावर संशय घेतला, त्याच्या धान्यातून आला म्हणून त्याला दोन शब्द सुनावूनही आले.

पुढच्या गुरुवारी देवराव मोरीवर हात धुवायला गेले तेवढ्यात मी त्यांची बॅग उघडून पाहिली. खोटं कशाला बोलू. खंजिरी, चष्म्याचं घर, पाण्याची बाटली, आणि तिकिटाला भोक पाडायचा जुना लोखंडी पंच. कंडक्टर गर्दीत टिक टिक वाजवत फिरायचे, तो. काढा नाही, अंगारा नाही, कार्ड नाही. काहीच सापडलं नाही म्हणून माझी शंका उलट वाढली.

गाणं सुरू झालं. मी घरातल्या मशीनवर साडीला फॉल लावत होते, एक डोळा मायकडे. आणि काय सांगू, मायचा अंगठा हलत होता. चादरीच्या बाहेर आलेला, टकटक, टकटक, अगदी ठेक्यावर. मला इतका आनंद झाला की मी मशीन थांबवून देवरावांकडे पाहिलं. घ्या म्हटलं, काढलं माझ्या मायने तिकीट.

देवराव गात होते, पण नजर अंगठ्यावर. एक थाप चुकली. दोन ओळींनी अजून एक चुकली. मग त्यांनी अर्ध्या ओळीतच गाणं सोडलं आणि खंजिरी मांडीवर उलटी ठेवली.

"बाई," ते म्हणाले, "म्या आता दोनदा ठेका सोडला. दोन्ही खेपेले तुमची पोरगी मशीनवर दचकली. सिस्टरनं मान वर केली. तुमचा अंगठा चालूच होता."

मायने अंगठा चादरीत ओढून घेतला.

"ऐकनारा मानूस ठेका सुटला का अडखळते. मोजनारा नाही अडखळत. तुमी गानं ऐकून नाही राह्यल्या, बाई. तुमी मोजून राह्यल्या. त्या दिवशी दारातलं माहं बोलनं तुमच्या कानावर गेलं."

देवराव पुढे वाकले. इतक्या हळू आवाजात हा माणूस बोलू शकतो हे मला माहीत नव्हतं.

"तिकीट दाखवा, बाई."

मायने माझ्याकडे पाहिलं. "बेबी, तू आत जाय."

"मी नाही जात."

"किती, सुमनबाई?" सिस्टरने विचारलं.

"आठ," माय म्हणाली. "झोपाच्या वक्ताले नऊ."

ती उशीचा कोपरा हातात घट्ट धरून होती. शिवलेला, रफू केलेला कोपरा. मी तो पाहिला आणि मला सगळं कळलं. आमच्या घरात उंदीर नव्हताच. मला आवाज ऐकू जाऊ नये म्हणून माझी माय उशी दातात धरत होती, आणि मी तिच्याच खाटेखाली पिंजरा लावून बसले होते. बायांच्या पोटातली हवा ओळखणारी मी, मला माझ्या मायचे दात ओळखू आले नाहीत. मी तिथेच फरशीवर बसून रडले. तेव्हा मला कोणाचीच लाज वाटली नाही.

"काहून लपवलं तू?" मी विचारलं.

"फुलसावंगीच्या मावशीले थे गोळी सुरू केली आन आठव्या दिवशी मावशी गेली," माय म्हणाली. "थे गोळी म्हंजे संपलंच. आन मंग तू दुकान बंद करून माह्या उशाशी बसशीन. लगनसराई तोंडावर आहे. तुले मी वळखत नाही का?"

"बसा बाई," देवराव म्हणाले. "गाडी हालली नाही अजून."

सिस्टरने मायचा हात हातात घेतला. "मावशी को गोली देर से मिली, इसलिए जल्दी गयी ऐसा लगा. गोळीनं नाही गेल्या त्या. दुखून राह्यलं तेवढीच गोळी, दुखणं वाढलं तर वाढवू, कमी झालं तर कमी करू. फक्त ह्या गोळीनं पोट साफ होत नाही, त्याची वेगळी गोळी संग घ्यावी लागते."

"मले शंका होतीच," देवराव म्हणाले. त्या परिस्थितीतही माय हसली.

सिस्टरने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. संध्याकाळी गोळी आली. पहिले दोन दिवस माय नुसती झोपली. मी तासातासाला तिच्या नाकाशी बोट धरून पाहत होते. चौथ्या दिवशी तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "झुणका कर. मिरची कमी नको टाकू." मी बेसन कालवताना परत रडले, पण ते रडणं वेगळं होतं.

पुढच्या गुरुवारी गाणं सुरू झालं. मायचा अंगठा बराच वेळ गप्प होता. मग हळूच हलायला लागला, आधी उशिरा, मग ठेक्यावर. देवरावांनी थाप सोडली. अंगठा हवेत अडकला. मायने डोळे उघडून कपाळाला आठी घातली.

"देवराव, चुकलं."

त्या माणसाच्या तोंडावर जे काही उमटलं ते मी कसं सांगू. इतक्या वर्षांच्या तपासणीत एखादा प्रवासी न मागता स्वतःहून तिकीट काढून हातात देईल आणि वर विचारेल, तपासलं का, तसा काहीसा आनंद होता तो. "हाव बाई," ते म्हणाले. "चुकलं. माफी."

तेव्हापासून तो दोघांचा खेळच झाला. ते चुकवायचे, ती पकडायची. कधी ती म्हणायची, "मुद्दाम चुकवता तर कान धरून उभं करीन." मग तिने त्यांना तिचं खिचडीचं गाणं शिकवलं. अंगणवाडीत पोरांना रांगेत आणायला तिनेच जुळवलेलं:

खिचडी शिजली डाळीची,
रांग लावा बाळांची,
ज्याचे हात नाही धुतले
त्याची जागा दाराची.

देवरावांनी ते दोनदा म्हटलं आणि विचारलं, "हात धुतले का नाही, हे कोन तपाशे?"

"मीच," माय म्हणाली.

"मंग तुमीबी चेकरच निघाल्या की."

एकदा मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले तेव्हा विचारलं, "काका, हे ठेका चुकवायचं कुठं शिकले?"

एक चप्पल पायात, एक हातात, असे ते उभे राहिले.

"नाही शिकलो, म्हनून तर," ते म्हणाले. "माह्या घरवालीले पोटाचा कॅन्सर होता. कांता. म्या रोज संध्याकाळी दवाखान्यात तिच्यापाशी खंजिरी वाजवो. तिचा अंगठा हाले. डॉक्टर आले का म्या सांगो, मस्त आहे, ठेका धरून राह्यली. तीन महिने सांगतलं. गेल्यावर तिथली नर्स म्हने, काका, तुमी यायच्या आंधी बाई अंगठा हालवून पाहे. हालते का म्हनून."

त्यांनी हातातली चप्पल उलटसुलट करून पाहिली.

"तवा म्या ठेका अगदी बरोबर धरो," ते म्हणाले. "बरोबर ठेक्यावर कोनीबी खोटं चालू शकते. अख्खी नोकरी लोकाइची झडती घेतली म्या, आन माह्याच समोर…" दुसरी चप्पल त्यांनी घातली. "चाल, येतो. तुमची घडी समोर आहे, मले उशीर झाल्यासारखं वाटते."

माय त्यानंतर साडेचार महिने होती. दुकानही चाललं आणि मायही होती, दोन्ही झालं. गोळी वाढली, मग अजून वाढली, पण उशीचा अभ्रा मला परत शिवावा लागला नाही. शेवटच्या गुरुवारी तिला बोलता येत नव्हतं. देवरावांनी थाप सोडली तेव्हा तिच्या कपाळाला आठी पडली, आणि ते म्हणाले, "हाव बाई, चुकलं." शनिवारी ती गेली, झोपेतच. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलेलं एकच काम मी उशिरा का होईना केलं. माझ्यामुळे नाही, हे मला माहीत आहे.

मायच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला देवराव शेवटच्या रांगेत बसले होते. त्यांनी बोट फिरवून माणसं मोजली. एकदाच.

त्याच्या पुढच्या गुरुवारी चार वाजता दारात चपला वाजल्या. सिस्टर बरोबर नव्हती.

"इकडून जात होतो," देवराव म्हणाले.

आमची गल्ली नाल्यापाशी संपते. तिथून पुढे कुठेच जाता येत नाही. मला लगेच शंका आली, पण मी बसा म्हटलं. मायची खाट भिंतीला उभी करून ठेवली होती. ते तिच्याकडे पाठ करून बसले. मी चहा दिला. त्यांनी साखरेचं विचारलं नाही, चमचा मागितला नाही, सरळ पिऊन टाकला. घड्याळाकडे पाहिलंही नाही.

"कसे आहात काका?"

"मस्त. एक नंबर."

मी त्यांच्या बॅगेत हात घातला. मी पंच काढला आणि टिक टिक वाजवायला लागले. माझा आवाज चांगला नाही, तरी मी मायचं खिचडीचं गाणं म्हटलं. देवरावांचा अंगठा लगेच हलायला लागला, टकटक, टकटक. तिसऱ्या ओळीला मी पंच एक ठोका थांबवला.

अंगठा चालूच राहिला.

मी परत पहिल्यापासून म्हटलं. यावेळी दोन ठोके सोडले. अंगठा आपला चालू.

"काका," मी म्हणाले. "तिकीट."

त्यांनी खाली स्वतःच्या अंगठ्याकडे पाहिलं. तो आता थांबला होता.

"शून्य म्हंजे बिलकुल नाही, दहा म्हंजे सहनच होत नाही," मी म्हणाले. "किती?"

"दोन."

"मले शंका आहे."

ते हसले. मग हसणं तोंडावर तसंच राहिलं आणि डोळे भरले. शर्टाच्या बाहीने त्यांनी चष्मा पुसला, डोळे पुसले नाहीत.

"संध्याकाळी सहा वाजता लै होते," ते म्हणाले. "घरी म्या वाजवतो ना खंजिरी. चुकवतोबी. चुकलं म्हननारं कोनी नाही."

ते उठायला लागले. मी मशीनवरचं झाकण लावलं, अर्धा शिवलेला ब्लाउज बाजूला ठेवला, आणि त्यांचा रिकामा कप उचलला.

"बसा," मी म्हणाले. "गाडी हालली नाही अजून."

दुसरा चहा आणला तेव्हा त्यांनी विचारलं, "साखर टाकली?" मी म्हटलं टाकली. त्यांनी चमच्याने तळ ढवळून पाहिला. मी परत पंच हातात घेतला आणि गाणं पहिल्यापासून सुरू केलं. तिसऱ्या ओळीला ठोका सोडला. त्यांचा अंगठा हवेत अडखळला.

"चुकलं," देवराव म्हणाले.